उलटा शिकवलेला टेप

गोल वस्तूला वर कुठं असतं?

हसू नका. खरंच विचारतोय. बांगडीला वर कुठं असतं? चाकाला? शाळेत गुरुजींना विचारलं तर त्यांनी मला बाकावर उभं केलं. म्हणजे वर कोण असतं ते दाखवलं, कुठं असतं ते नाही. आई पीठ चाळत होती, तिला चाळणी दाखवून विचारलं तर म्हणाली, "जा तिकडं, डोकं खाऊ नको." दादाला विचारलं तर तो नेहमीसारखा म्हणाला, "विचार करून सांगतो."

दादा गेला. अजून वर्षही झालं नाही. सांगायचं राहूनच गेलं.

तर या एका प्रश्नापायी मी दादाचं जमत आलेलं लग्न मोडायला निघालो होतो. मोडायला म्हणजे, जमवायला! मी काहीही जमवायला निघालो की ते कसं दिसतं ते तुम्हाला ठाऊक आहे. चहा आला ना सगळ्यांना? मग ऐका. बिस्कीट हातातच धरा, तोंडात टाकू नका. ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. वडील लवकर गेले, तेव्हापासून घरातलं कर्तं माणूस म्हणजे दादा. पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या एका पॅकिंग शेडवर तो सुपरवायझर होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि आवाज इतका बारीक की द्राक्षं निवडणाऱ्या बाया एकमेकींना विचारायच्या, "साहेब काही बोलले का गं?" मी त्याच शेडवर टेम्पो चालवायचो. आठवीत शाळा सोडली. भांडण वगैरे काही नाही, शाळेला आणि मला, दोघांनाही ते पटलं. माझा आवाज मात्र हायवेपर्यंत जातो. एका आईची दोन पोरं, पण आवाज वाटताना गडबड झाली.

तर दादाचं लग्न जमत नव्हतं.

मुलगा चांगला, नोकरी चांगली, शेडच्या मागंच स्वतःचं घर. पाहुणे यायचे, पोहे खायचे, दादा पसंत पडायचा. मग कोणीतरी विचारायचं, "लहाना भाऊ काय करतो?" आणि नेमका तेव्हाच मी कुठून तरी उगवायचो. एकदा तर कपाळाला पट्टी बांधून. आदल्या दिवशी मार्केटात टेम्पो लावण्यावरून माझी एकाशी जुंपली होती. मग चार दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन यायचा. "मुलगा पसंत आहे हो, पण भाऊ वेगळा राहणार असेल तर बघा." आणि दादा म्हणायचा, "नाही."

एवढंच. वाद नाही, खुलासा नाही. "नाही." आणि चहाचा कप उचलून आत जायचा.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. एकदा भिंतीआड उभा होतो, तेव्हा कानावर पडलं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की आता जे स्थळ येईल ते मोडू द्यायचं नाही. काय वाट्टेल ते झालं तरी!

आलं ते सटाण्याकडचं. मुलीचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, कांद्याचे मोठे शेतकरी. दादा मुलगी बघून आला आणि घरात शिट्टी वाजवायला लागला. त्याला शिट्टी येत नाही. नुसती हवा जायची. पण दिवसभर फू फू चालू. आई मला म्हणाली, "याला काय झालंय रे?" मी म्हटलं, "आई, पंक्चर झालंय."

आता राहिलं होतं घर बघणं. आमच्याकडे मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडले की मुलीकडचे एकदा मुलाचं घर बघायला येतात. नुसत्या भिंती बघत नाहीत. माणसं बघतात, न्हाणीघर बघतात, जाता जाता शेजाऱ्यापाशी थांबून हळूच चौकशी करतात. अण्णांचे गुडघे दुखायचे, एसटीच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. दादा म्हणाला, "मी गाडी घेऊन येतो तुम्हाला आणायला."

गाडी जुनीच, पण आमच्यासाठी नवी. आधीचा मालक नाशिकचा कोणी वकील होता. स्टेअरिंगवर डाव्या हाताशी चार बटणं होती, अधिक चिन्हासारखी मांडलेली, वर-खाली-डावी-उजवी. वकिलाने ती इतकी दाबली होती की वरची चित्रं पुसून नुसती काळी ठिक्कर उरलेली. आणि टेप जुना. गाणं कमी, खरखर जास्त. मला वाटलं, अण्णा बसणार, इतका लांबचा रस्ता, आणि आमची अब्रू खरखरणार?

मी दादाला न सांगता गाडी नाशिकला नेली आणि मोठ्या पडद्याचा नवा टेप बसवून घेतला. सगळं झाल्यावर दुकानदाराला विचारलं, "स्टेअरिंगची बटणं चालतील ना?"

"चालतील. पण शिकवावं लागेल."

"कोणाला?"

"टेपला. कुठलं बटण कशाचं हे त्याला कुठं माहिती? एकेक करून शिकवायचं. उद्या आण, आज लय गर्दी हाय."

"उद्या तर सटाण्याला जायचंय!"

"मग तूच शिकव. सोपं हाय. बटण दाबून धरायचं, पडद्यावरच्या चित्राला बोट लावायचं. झाला शिकून."

आता बघा! जन्मात मला कोणी काही शिकवू शकलं नाही आणि कोणाला तरी शिकवायची वेळ माझ्यावर आलेली. मी तर छाती फुगवूनच पिंपळगावला आलो.

द्राक्षाचा हंगाम जोरात होता. शेडमध्ये क्रेटच्या थप्प्या छताला टेकलेल्या. भिंत आणि थप्पी यांच्यामध्ये गाडीपुरती एक तिरकी फट होती, तीच आमची नेहमीची जागा. मी गाडी वळवत वळवत आत घातली, शेवटचा कट मारला आणि तसंच इंजिन बंद केलं. स्टेअरिंग अर्धं फिरलेलं. म्हणजे एरवी डाव्या हाताशी असणारी बटणं आता उजव्या हाताशी आली होती. तीही डोकं खाली, पाय वर!

शहाण्या माणसाला इथंच शंका आली असती. मला काय वाटलं? मला वाटलं, बरं झालं बुवा, उजवा हात आपला चालता हात!

जुन्या टेपची रीत मला पाठ होती. वरच्या बटणाने आवाज वाढतो, खालच्याने कमी होतो. डावीकडच्याने फोन उचलायचा, आणि फोन आलेला नसताना तेच दाबलं तर शेवटच्या नंबरला परत लागतो. उजवीकडच्याने फोन ठेवायचा. मी तसंच शिकवलं. मला जे वर दिसलं ते वरचं म्हटलं, जे डावीकडे दिसलं ते डावीकडचं म्हटलं. टेप बिचारा इतका आज्ञाधारक, एका फटक्यात शिकला. मला तर भरूनच आलं.

तुमच्या लक्षात आलं ना? स्टेअरिंग सरळ झालं की वरचं बटण खाली जाणार, डावीकडचं उजवीकडे. वाढवायला जावं तर कमी होणार, फोन ठेवायला जावं तर लागणार. तुमच्या लक्षात आलं. माझ्या नाही आलं. मी तिथंच, त्या फटीतच बसून सगळं तपासलं आणि सगळं झकास चाललं!

दादा आला. पडदा बघून थबकला. मी म्हटलं, "दाब, दाब बटण!" त्याने त्या फटीतच बसून वरचं दाबलं. आवाज वाढला. खालचं दाबलं. कमी झाला.

"कोणी शिकवलं याला?"

"मी!"

दादाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "शाब्बास."

खोटं नाही सांगत, हा शब्द माझ्या वाट्याला तोवर कधी आला नव्हता. मी दादाचा मोबाईल टेपला जोडून दिला, पेन ड्राइव्हवर अण्णांसाठी भजनं भरली. भजनांच्या मागं माझी आधीची वरातीची गाणी होती, ती काढायचा आळस केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा निघाला. मी शेडवर. जरा वेळाने त्याचा फोन.

"बाळ्या, आवाज वाढवायला गेलो तर कमी होतोय रे."

"तू खालचं दाबत असशील."

"वरचंच दाबतोय."

"दादा, शेडवर एवढ्या माणसांना हे वर ठेवा, ते खाली ठेवा सांगतोस. तुला वर-खाली कळत नाही का?"

"बघ बुवा. मला तरी वरचंच वाटतंय."

"गाडी बाजूला घे. बंद कर, परत चालू कर. झाली? आता दाब."

"कमी झाला."

"मग टेप नवीन आहे, बुजतोय. अण्णा बसले की लागेल वळणाला!"

झालं. आता एवढंच ध्यानात ठेवा की दादाच्या मोबाईलवरून शेवटचा फोन मला झाला.

पुढचं मी तिथं नसताना घडलं, पण मला तोंडपाठ आहे. दादाने एकदा सांगितलं आणि अण्णांनी भेटेल त्याला सांगितलं.

अण्णा गाडीत बसले. डोक्याला टोपी, खांद्यावर उपरणं, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. भजन लागलेलं. अण्णा मान डोलवत होते. देवळा मागं पडलं, भावडबारीचा घाट लागला आणि घाटाच्या पहिल्याच वळणावर भजन संपलं. मागून वरात आली!

ढोल, ताशा, मध्येच एक बाई किंचाळते. अण्णा दचकले. दादाने घाईने खालचं बटण दाबलं. आवाज वाढला. परत दाबलं. आणखी वाढला. माणूस घाबरला की तेच ते जास्त जोरात दाबतो. काचा हलायला लागल्या. पडद्याला हात लावावा तर समोरून कांद्याचे ट्रॅक्टर, दोन्ही हात स्टेअरिंगवर.

"अरे, वरात शे का काय!" अण्णा त्यांच्या अहिराणीत ओरडले.

दादाला सुचेना. त्याने उजवीकडचं बटण दाबलं, की हे तरी बंद होईल. गाणं थांबलं! दादाने सुस्कारा सोडला. आणि गाडीभर आवाज घुमला, ट्रिंग ट्रिंग.

मला फोन लागला होता.

मी शेडमध्ये. माल थंड करायचे मोठे पंखे घों घों चाललेले. मला पलीकडचं ढिम्म ऐकू येत नव्हतं. पण माझं? सांगितलं ना, हायवेपर्यंत.

"हां दादा! म्हातारा बसला का गाडीत?"

दादा म्हणाला, "अण्णा शेजारीच बसलेत." त्याच्या त्या आवाजात.

"काय? ऐकू येत नाय! तू नुसतं ऐक. मी आज घरी नसणारच. टेम्पो घेऊन ओझरला जातो. त्यांनी विचारलं भाऊ कुठंय, तर सांग दुबईला असतो!"

दादाने फोन ठेवायला परत उजवीकडचं दाबलं. तिथं तर फोन उचलायचं शिकवलेलं. फोन उचललेलाच होता, आणखी काय उचलणार? मग निदान माझा आवाज तरी बारीक करावा म्हणून खालचं दाबलं. मी वाढलो.

"आईला म्हटलंय भिंतीवरचा माझा फोटो काढून ठेव, तो प्लास्टरमधला! शेजारच्या काकूलाबी पढवलंय! म्हाताऱ्यानं चौकशी केली तर म्हणेल, लय गुणी पोरगा, दुबईत साहेब हाय!"

दादाने आणखी दाबलं. मी आणखी वाढलो. अण्णांनी शेंगांची पिशवी घट्ट धरली.

आता पुढचं सांगताना जरा थांबतो. कारण पुढचं मी कधी दादाला तोंडावर बोललो नसतो. पंखे चालू होते, त्याचं ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलून गेलो.

"आणि दादा, आधीची स्थळं कशापायी गेली ते मला माहितीये! या वेळेला 'नाही' म्हणू नको! मी राहतो वेगळा. टेम्पोत झोपेन, टेम्पोला छत आहे की! पण ही पोरगी हातची घालवू नको. शिट्टी येत नसताना वाजवत फिरतोस, मला काय कळत नाय?"

गाडी घाट उतरून गेली. आणि नेमकी त्याच वेळी इकडे शेडवर लाईट गेली. पंखे बंद. मला पहिल्यांदाच पलीकडचं ऐकू आलं, आणि आवाज दादाचा नव्हता.

"कोन बोली राहिना रे?"

म्हणजे, कोण बोलतंय? मी हबकलो. दादाचा फोन भलत्याच माणसाकडे!

"ए, तू कोण? दादाचा फोन तुझ्याकडं कसा? कुठं हायेस सांग, येऊन टाळकं फोडतो!"

मग तोच आवाज, अगदी सावकाश.

"तू नको येऊ. मीच ई राहिनू."

म्हणजे, येतोच आहे. मागून दादाचा बारीक आवाज आला, "बाळ्या... अण्णा..." आणि फोन तुटला. दादाने गाडी थांबवून किल्लीच काढली होती.

पळावं म्हटलं तर टेम्पोच्या पुढं माल भरायला आलेला कंटेनर उभा. शेवटी क्रेटच्या एका थप्पीमागं जाऊन बसलो. निवडणाऱ्या बाया सुरगाण्याकडच्या, हंगामापुरत्या आलेल्या. त्यांना काही माहीत नव्हतं, पण माझा फोन सगळ्यांनी ऐकला होता. माझा आवाज, न ऐकून करतील काय? एक म्हणाली, "काय रे भाऊ, इथंच हायेस? दुबईला गेला नाहीस?"

गाडी आली. नेहमीच्या फटीत, नेहमीसारखी तिरकी लागली. अण्णा गुडघ्यावर हात ठेवून उतरले, टोपी नीट केली आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असं विचारलं, "दुबईवाला कुठं शे?"

सगळ्या बायांनी एकदम थप्पीमागं बोट दाखवलं.

मी बाहेर आलो. पाया पडलो. दादा जमिनीकडे बघत होता. त्याचा चेहरा बघून मी समजलो. हेही गेलं, आणि या वेळेला तर मी वरातीसकट घालवलं! आता निदान टेपचा आळ तरी आपल्यावर नको, म्हणून मी काय केलं असेन? मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, टेप एकदम बरोबर आहे. दादाला दाबता येत नाही. या, दाखवतो."

अण्णा खरोखर गाडीत बसले. मी ड्रायव्हरच्या जागेवर. स्टेअरिंग पुन्हा अर्धं फिरलेलं, बटणं पुन्हा उजव्या हाताशी. वरचं दाबलं, आवाज वाढला. खालचं दाबलं, कमी झाला.

"बघा! दादा, बघ! याला म्हणतात दाबणं!"

दादा खिडकीशी वाकून बघत राहिला. तो वाद घालायचा नाही. अण्णा मात्र स्टेअरिंगकडे बघत होते.

"रस्त्यावर असताना हे असंच असतं का?" त्यांनी विचारलं. "सरळ कर बरं."

मी इंजिन चालू केलं आणि स्टेअरिंग सरळ केलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती चार बटणं उजवीकडून निघाली, सावकाश वरून फिरली आणि डावीकडे जाऊन बसली. पाय खाली, डोकं वर. जणू इतका वेळ शीर्षासन करत होती.

मी बघतच राहिलो. आणि घाबरून काहीतरी दाबलं. काय दाबलं असेल?

माझ्या खिशात फोन वाजला.

आता माणसाने बघावं ना कोणाचा आहे? मी सवयीने कानाला लावला. "हॅलो?"

गाडीतून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "हॅलो?"

"कोण बोलतंय?"

"कोण बोलतंय?" गाडी म्हणाली.

"अहो, तुम्ही कोण?"

दादा खिडकीशी वाकला होता, तो तसाच खाली बसला. मला वाटलं चक्कर आली. तो हसत होता! आवाज नाही, नुसते खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी. दादाला तसं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. मग अण्णा सुटले. मग बाया. लाईट आली, पंखे सुरू झाले, तरी हसणं पंख्यांच्या वर ऐकू येत होतं.

घरी गेलो. आईने चहा टाकला. भिंतीवर माझ्या फोटोच्या जागी पांढरा चौकोन दिसत होता. अण्णांनी बशीतून चहा ओढला, चौकोनाकडे बघितलं आणि दादाला म्हणाले, "तुना भाऊ येडा शे. याले लबाडी बी धड येत नही."

दादा म्हणाला, "हो."

"पोरगी मी देईन. पण माझी एक अट राहील."

दादाने बशी खाली ठेवली. मला कळलं, आता 'नाही' येणार. मी मान खाली घातली.

"याले वेगळा काढायचा नाही," अण्णा म्हणाले. "हा एकटा राहायच्या लायकीचा नाही. गावाला त्रास होईल. घरातच ठेवा, नजरेसमोर."

दादाने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "हो." आणि चहाचा कप घेऊन आत निघून गेला. आतून हवा गेल्याचा आवाज यायला लागला. फू फू.

लग्न झालं. वहिनी आल्या. दादाने स्टेअरिंग सरळ ठेवून टेपला पुन्हा शिकवलं आणि मला शेजारी बसवून एकेक बटण दाबायला लावलं, जसं लहानपणी पाढे म्हणायला लावायचा. द्राक्षाचा हंगाम संपला की आम्ही सगळे गाडीतून सटाण्याला जायचो. दादा गाडी चालवणार, वहिनी पुढं, आई आणि मी मागं, पायाशी शेंगांची पिशवी. अण्णा दारातच उभे असायचे. "आला का दुबईवाला?" आणि मग जेवणावर हाच किस्सा, दर वेळी थोडी वरात वाढवून. दादा प्रत्येक वेळी नव्याने हसायचा. खांदे हलवून.

तेव्हा वाटायचं, एकच गोष्ट किती वेळा सांगायची माणसाने! आता वाटतं, अजून थोड्या वेळा सांगायला हवी होती.

मागच्या हंगामात दादाची कावीळ उलटली. नाशिकला, इंदिरानगरजवळच्या दवाखान्यात ठेवला होता. वहिनी त्याच्यापाशी. आवाज आधीच बारीक, तो आणखी बारीक झाला. एक दिवस मला म्हणाला, "अण्णांना घेऊन ये. आणि येताना फोन चालू ठेव. तुमची भांडणं ऐकायचीत."

मी गेलो. अण्णा गाडीत बसले. टेपवरूनच दादाला फोन लावला. पडद्यावर ऊन येत होतं म्हणून अण्णांनी त्यावर उपरणं टाकलं. आणि आम्ही दोघं सुटलोच! अण्णा म्हणाले, या दुबईवाल्याला आता कोण मुलगी देणार? मी म्हटलं, तुम्हीच, घर बघून गेलात तेव्हापासून भेटेल त्याला माझा किस्सा सांगताय! दादा पलीकडे हसायचा, नुसती हवा. मग मी तोच किस्सा पहिल्यापासून काढला. सगळे आवाज काढून. अण्णांचा आवाज अण्णांनीच काढला. घाट गेला, सोग्रस फाटा गेला, पिंपळगाव गेलं. दादा काही बोलत नव्हता. मला वाटलं, दमला असेल, ऐकतोय. म्हणून मी आणखी रंगवून सांगायला लागलो. अण्णाही पेटले. असला किस्सा आम्ही दोघांनी कधी सांगितला नव्हता!

ओझरपाशी उपरण्याखाली फोन वाजला.

मी बाजूला थांबून उपरणं उचललं. दादाचाच फोन.

"काय रे," तो म्हणाला, "घाटात फोन तुटला. मी वाट बघत होतो. परत लावलाच नाहीस."

घाटात रेंज गेली होती. तिथपासून आम्ही दोघं उपरण्याला किस्सा सांगत आलो होतो! अण्णांनी माझ्या हातातलं उपरणं घेऊन तोंडाला लावलं आणि काचेबाहेर बघत बसले.

"कुठवर ऐकलंस?" मी विचारलं.

"म्हातारा बसला का गाडीत, इथवर. मग पुढं काय झालं?"

काय झालं ते त्याला माहीत नव्हतं का? पण विचारलं.

दवाखान्यात पोचलो. वहिनी अण्णांना घेऊन बाहेर बाकावर बसल्या. मी कॉटशेजारी स्टूल ओढलं आणि जिथं तुटलं होतं तिथून पुढं सांगायला लागलो. आवाज बारीक करून, दादासारखा. मला बारीक आवाजात बोलता येतं हे मलाच पहिल्यांदा कळलं. त्याचे खांदे एकदा हलले. मग किस्स्यात मी गाडीत बसलो, खिशातला फोन कानाला लावला, "हॅलो? कोण बोलतंय?" इथवर आलो, तेव्हा नर्सताई आत आल्या.

"अहो, पेशंट झोपलेत. कोणाला सांगताय?"

मी म्हटलं, "ताई, थोडंच राहिलंय."

आणि राहिलेलं सगळं, अण्णांच्या अटीपर्यंत, सांगून झाल्यावरच उठलो.